मधुमतीकाकूंच्या घरी बाई टिकत नाही

लखनौमध्ये कुणा मराठी घरातलं म्हातारं माणूस आजारी पडलं, की पहिला फोन डॉक्टरांना जायचा आणि दुसरा जानकीपुरमच्या मधुमती सबनिसांना. डॉक्टर फोन उचलतीलच असं नाही, काकू मात्र उचलायच्याच. घरी येऊन व्यायाम करून घेणारा फिजिओ, भाड्याने मिळणारी हॉस्पिटलची खाट, बिनतिखटाचा डबा, आजोबांना दिवसभर सांभाळणारं केंद्र, सगळं त्यांना तोंडपाठ. सोलापूरहून येणाऱ्या कुणाच्या आजीला चारबाग स्टेशनवर व्हीलचेअर हवी असली तरी काकूच. त्यांचे यजमान लक्ष्मीकांतराव, बँकेतले निवृत्त मॅनेजर, याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणत. फोन करणाऱ्यांत निम्मी घरं खरोखरच फौजेतली असल्यामुळे त्यांचं फारसं चुकतही नव्हतं.

मदत शोधून देताना काकू वर एक प्रवचनही द्यायच्या, तेही फुकट. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या नीलमचा नवरा एअरफोर्समध्ये, पोस्टिंग लांबची, आणि सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं. ती एकटीच सगळं ओढत होती. "अगं, मदत घेण्यात कसली लाज?" काकूंनी तिला झापलं. "उद्या तूच आडवी झालीस तर त्यांच्याकडे कोण बघणार?" नीलम रडली, पण तिने ऐकलं. मीनाक्षी नावाची अटेंडंट आली आणि बघता बघता सासूबाई काठी टेकत हिंडायला लागल्या.

आता गंमत अशी, की खुद्द काकूंच्या घरी बाई टिकत नव्हती. लक्ष्मीकांतरावांना कंपवात. उठायला, बसायला, आंघोळीला, दाढीला, सगळ्याला माणूस लागे. काकू बाई ठेवत आणि बाई चार दिवसांत पळून जाई. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान," लक्ष्मीकांतराव पुटपुटत. पुढचं अर्धं ते मुद्दामच गिळत, कारण जेवण त्याच हातचं होतं.

त्यातच काकूंचा मोतीबिंदू पिकला. डॉक्टर म्हणाले, आता लांबवलंत तर अवघड होईल. शिवाय ऑपरेशननंतर काही आठवडे वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. लक्ष्मीकांतरावांना उचलायचं म्हणजे ओझंच की! काकूंनी तारीख पुढे ढकलली, मग आणखी पुढे. धुरकट डोळ्यांनीच त्या नवऱ्याची दाढी करत राहिल्या, आणि एके दिवशी दाढीबरोबर त्यांनी निम्मी मिशीही उतरवली.

नेमकी त्याच दिवशी नीलम भेटायला आली. ती आधी पोट धरून हसली आणि मग एकदम गंभीर झाली. "काकू, बस हो गया. उद्यापासून मीनाक्षी येणार. मी ऑपरेशनची तारीख घेतेय."

मीनाक्षी सकाळी आली, तेव्हा लक्ष्मीकांतराव न्हाऊन, पावडर लावून खुर्चीत बसले होते. चादर बदललेली, बाथरूम घासलेलं. परक्या बाईच्या नजरेला ओला बिछाना पडायचा म्हणजे काय! काकू पहाटेच उठल्या होत्या. मीनाक्षीपुढे पोह्यांची बशी आली. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त पोह्यांऐवजी उपमा. तिसऱ्या दिवशी मीनाक्षीने बशी बाजूला सारली.

"आंटी, हम अंकल को देखने आए हैं या दावत खाने? जो आप चार बजे उठके करती हैं, वही तो हमारा काम है! ऐसे में कौन टिकेगा?"

आजवरच्या सगळ्या बाया का पळाल्या, ते काकूंना तेव्हा कळलं. त्यांनी मान्य मात्र केलं नाही. "बरं बरं, चहा तरी घे," एवढंच म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. काकू डोळ्यावर पट्टी घेऊन घरी आल्या, आणि त्यांच्यावर पहारा ठेवायला नीलम मुक्कामाला राहिली. सकाळी मीनाक्षी लक्ष्मीकांतरावांना हाताला धरून बाथरूमात घेऊन गेली. काकू बाहेर खुर्चीत, आणि शेजारी नीलम, हात घट्ट धरून.

आतून हसू ऐकू आलं. लक्ष्मीकांतरावांचं!

काकूंना सणसणीत राग आला. इतकी वर्षं मी आंघोळ घालतेय, तेव्हा हे गृहस्थ डोळे मिटून दगडासारखे बसतात, आणि परकीपाशी खिदळतात? त्या उठायलाच निघाल्या. तेवढ्यात मीनाक्षीचा आवाज आला, "अंकल, तौलिया कौन-सा? आंटी को बुलाऊँ?"

"नहीं, नहीं." लक्ष्मीकांतरावांचा आवाज खोल गेलेला, पण शब्द नीट कळत होते. "कोई भी ले लो. उसको मत बुलाओ. मुझे उठाते समय उसकी कमर में दर्द होता है, रोना आता है उसको. समझती है, मुझे पता नहीं. मैं आँखें बंद कर लेता हूँ... देखा नहीं जाता."

काकू खाली बसल्या. पट्टीखालून गालावर ओघळ आला, तशी नीलम घाबरली.

"काकू, रडू नका ना! डोळ्यात पाणी जाता कामा नये म्हणालेत डॉक्टर."

"अगं, ते बाहेरचं पाणी म्हणाले," काकू नाक ओढत म्हणाल्या. "आतल्याचं काही बोलले नाहीत."