दसऱ्याला सर्व्हर धुतला

गेल्या दसऱ्याला आम्ही सर्व्हरची पूजा केली आणि पूजेतच तो गेला.

मी सुरतेत साड्यांच्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइट बनवतो, त्यामुळे आमच्या उधन्याच्या घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा मी एकटाच. घरासाठीही एक सर्व्हर भाड्याने घेतला होता. तो असतो कुठेतरी लांब. आपण ब्राउझरमध्ये कंट्रोल पॅनल उघडून बटणं दाबायची. (बटणं इतकी, की आपण विमान चालवतोय असं वाटतं.) त्यावर घरची एक साइट होती आणि तिच्यात सिंधूमावशीची गाणी. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. हळदीची अहिराणी गाणी तिच्याइतकी कुणालाच येत नसत. ती वारायच्या आधी आईने हट्टाने रेकॉर्ड करून घेतली. माझ्या बहिणीच्या, वैशूच्या हळदीला तीच वाजवायची, असं आईचं पक्कं होतं. फोनमधली मी पुसून टाकली. "सर्व्हरवर सुरक्षित आहेत," असं मोठ्या तोंडाने सांगितलंही.

दसऱ्याला सर्व्हरच्या जागी लॅपटॉप पाटावर मांडला, झेंडूचा हार घातला. आबा, म्हणजे माझे वडील, जन्मभर कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात मिस्त्री होते.

"आधी बंद कर," ते म्हणाले. "चालू मशीनला कुंकू लावतात का?"

मी पॅनलवरून सर्व्हर बंद केला.

"आता खोल. दसऱ्याला आम्ही लूम खोलून, धुऊन, तेल देऊन परत जोडायचो."

"यात खोलायचं काही नसतं, आबा."

"मग कसला रे मशीनवाला तू?"

हे झोंबलं. पॅनलवर 'रीइन्स्टॉल' असं बटण होतं. लूमवाल्याच्या घरात वाढलेलो मी. मला वाटलं, हेच ते, सुटं करून परत बसवणं. लूम परत जोडला की भाग तेच असतात ना! बटण दाबलं तर लाल अक्षरांत लांबलचक सूचना आली. आरती चालू असताना कोण वाचतो? खात्रीसाठी सर्व्हरचं नाव टाइप करायला सांगितलं, तेही केलं. (एका हाताने. दुसऱ्या हातात घंटी होती.)

आईने नारळ फोडला आणि म्हणाली, "लाव रे मावशीचं गाणं."

गाणं नव्हतं. साइट नव्हती. रीइन्स्टॉलने सगळं पुसून सर्व्हर नवाकोरा केला होता. पॅनल मात्र हिरवंगार: सर्व्हर ठणठणीत, जागा पूर्ण मोकळी.

मी गॅलरीत जाऊन कंपनीला फोन लावला.

"भाई, बॅकअप तो लिया होगा ना?" पलीकडच्याने विचारलं.

"रोज लेता हूँ."

"किधर रखते हो?"

"उसी सर्व्हर पे."

मग त्याने मला दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. "मनी बहीण परत गयी रे," एवढंच म्हणाली, म्हणजे माझी बहीण पुन्हा गेली, आणि नारळ खवत बसली. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

वैशूच्या हळदीला आईने स्वतःच गाणं धरलं आणि दुसऱ्या कडव्यावर अडली. आत्याने एक ओळ आठवून दिली, शेजारच्या काकूंनी एक. ज्या ओळी कुणालाच आठवल्या नाहीत, तिथे आई नुसती गुणगुणली. तो मावशीचा आवाज नव्हताच. डोळे पुसत मी फोन काढला; म्हटलं, हे तरी राहू दे.

आईने गाणं थांबवलं, माझ्या हातातून फोन घेतला आणि हळदीने माखलेल्या नवरीला दिला. "तू धर. याला बटणाजवळ येऊ देऊ नको."

त्यामुळे वैशूच्या हळदीच्या व्हिडिओत वैशू कुठेच नाही. गाणाऱ्या आईच्या शेजारी पूर्ण वेळ दिसतो तो मी, आईने सांगितल्याप्रमाणे दोन्ही हात पाठीमागे धरून उभा.