बसा, सोडतो

एमआयडीसीच्या रस्त्यावर सकाळी पळायचं तर पायांपेक्षा तोंडाची तयारी जास्त लागते. रात्रपाळी सुटलेली असते. रोलिंग मिलची माणसं मोटारसायकलींवरून घरी निघालेली असतात आणि कुणी घाम गाळत पळताना दिसलं की हमखास थांबतात. "बसा, सोडतो." आपण म्हणावं, नको, मी पळतोय. "ते दिसून राह्यलं. पन जायचं कुठं?" कुठंच नाही म्हटलं की समोरचा काळजीत पडतो. एका टेम्पोवाल्यानं तर मला हळूच विचारलं होतं, "घरी भांडन झालं का?" मला मुळात राग लवकर येतो. पहिले दोन महिने मी पळण्यापेक्षा लोकांवर खेकसण्यातच जास्त दमलो.

यावर तोड काढली ती सिस्टरनं. आम्ही तिघं रोज बरोबर पळायचो. सिस्टर एका दवाखान्यात नर्स. मी नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत दिवसभर कोंब मोजणारा, नुकतीच शुगर निघालेला. आणि तिसरे काका, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. सिस्टर म्हणाली, "'डॉक्टरनं सांगितलंय', एवढंच म्हणायचं. पुढं कुणी विचारणार नाही." आणि तसंच झालं. आमच्याकडं डॉक्टरनं सांगितलंय म्हटलं की माणूस रस्त्यानं पळो नाहीतर झाडाला उलटा लटको, लोक मान डोलावून पुढं जातात.

काकांना हे वाक्य म्हणायला फार जड जायचं. खोटं बोलायची सवय नाही, आणि अर्धा जिल्हा त्यांच्या ओळखीचा. काकू गेल्यावर हा माणूस वर्षभर खुर्चीतून उठला नव्हता. केदारखेड्याला दिलेली लेक रोज फोन करायची आणि रडायची. शेवटी सिस्टरनंच, ती त्यांच्या शेजारी राहते म्हणून, त्यांना एका सकाळी ओढून बाहेर काढलं. आधी चालणं, मग थोडं पळणं. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेलेला. तरी शहरात एकवीस किलोमीटरची शर्यत होणार असं कळल्यावर त्यांनी सगळ्यांच्या आधी नाव दिलं. साडेतीन तासांच्या आत पोचेल त्याला मेडल मिळणार होतं. मी म्हटलं, काका, दहाचीही आहे की. ते म्हणाले, "बत्तीस वर्षं लोकायला पोचवलं. एकदा माझ्या पायानं पोचून पाह्यचं हाय." मग मीही एकवीसलाच नाव दिलं.

शर्यत भोकरदन रोडनं जाऊन परत यायची होती. सिस्टरचा वेग चांगला, ती पुढं गेली. मी काकांच्या सोबतीनं राहायचं ठरलं होतं. परतीच्या वाटेवर माझ्या पोटरीत गोळा आला. मी काकांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, येतोच. ते एका लयीत चालले होते, दुसऱ्या गियरवर, असं तेच म्हणायचे. वेळ बरोबर जमत होती. मी रस्त्याच्या कडेला पाय चोळत बसलो आणि तेवढ्यात एक मोटारसायकल काकांजवळ थांबलेली दिसली.

मला काळजी वाटली नाही. वाक्य पाठ होतं. काकांनी हात जोडले, काहीतरी बोलले. मोटारसायकलवाला उतरला, त्यानं काकांचा दंड धरला. टोपी, पांढरं धोतर. ते काकांचे व्याही होते, लेकीचे सासरे, कामासाठी जालन्याला निघालेले. मी लंगडत जवळ जाईपर्यंत त्यांचा आवाज ऐकू यायला लागला. "डॉक्टर आमच्यापेक्षा मोठा झाला का? माझे व्याही भर रस्त्यानं असे पळून राह्यले आन् मी गाडीवरून पाहत जाऊ? लोकं माझ्या तोंडात शेन घालतील." आणि काका बसले. लेकीच्या सासऱ्याला भर रस्त्यात नाही म्हणायचं कसं, हे सिस्टरनं आम्हाला शिकवलंच नव्हतं. मी ओरडलो, पण गाडी निघाली होती.

काकांनी त्यांना पुढच्या पुलावर थांबवलं. व्याह्यांना वाटलं, ह्यांचं इथंच काम असेल. तिथून काका पुन्हा पळाले आणि वेळेच्या आत पोचलेही. कुणीतरी त्यांच्या गळ्यात मेडल घातलं. मी पोचलो तेव्हा ते टेबलापाशी उभे होते आणि मेडल परत देत होते. टेबलावरच्या पोराला काही कळेना. "मधी गाडीवर बसल्तो," काका त्याला सांगत होते.

मी त्यांना बाजूला घेतलं. आज आठवलं की लाज वाटते, पण मी म्हणालो, "काका, एक किलोमीटरचा प्रश्न आहे. कुणी बघितलं?" ते म्हणाले, "तुम्ही पाह्यलं की." मग म्हणाले, "मधली गावं सोडून गाडी डेपोत लावली, तर तिला काय फेरी म्हनत्यात का?"

त्यानंतर दोन आठवडे ते पळायला आले नाहीत. सिस्टर दार वाजवून यायची. पुन्हा ती खुर्ची. आता मात्र माझं डोकं फिरलं. काकांनी बजावलं होतं, "सोयरे हायेत, त्यायला काही बोलायचं न्हाई." मी ऐकलं नाही. कंपनीच्या बियाण्याच्या प्लॉटची पाहणी भोकरदनकडं निघाली तेव्हा मी मुद्दाम गाडीत बसलो आणि वाटेतल्या केदारखेड्याला उतरून व्याह्यांच्या दारात उभा राहिलो, चांगला भांडणाच्या तयारीनं.

त्यांनी मला आधी पाणी दिलं, मग चहा, मग स्वतः सोललेली मोसंबी. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी सगळं सांगितलं, खुर्चीपासून मेडलपर्यंत. आत काकांची लेक काम थांबवून ऐकत होती. व्याही बराच वेळ मोसंबीच्या साली गोळा करत राहिले. "मंग ते मला तव्हाच बोलले काहून न्हाईत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुमचा मान ठेवला." त्यांनी आणखी एक मोसंबी सोलून माझ्यापुढं ठेवली. माझा राग तिथंच कुठंतरी सांडला.

लेकीनं त्या संध्याकाळी काकांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी ते बूट घालून आमच्या आधी रस्त्यावर हजर होते.

पुढच्या वर्षीची शर्यत. परतीच्या वाटेवर मागच्या वेळचीच जागा आली आणि पाहतो तर तीच मोटारसायकल तिथं उभी होती. पण स्टँडवर. व्याही रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे होते आणि समोर दोन दुधवाले अडकून पडले होते. "त्या म्हाताऱ्या मानसाला बिलकुल गाडीवर घ्यायचं न्हाई," व्याही त्यांना दम देत होते. "काहून?" एका दुधवाल्यानं विचारलं.

"डॉक्टरनं सांगितलंय," व्याही म्हणाले.

मला हसू आवरेना. काका जवळ आले तसे व्याह्यांनी तांब्या पुढं केला. काकांनी पळता पळताच दोन घोट घेतले, अर्धं पाणी सदऱ्यावर गेलं. "बसा म्हनत न्हाई," व्याही म्हणाले. "जल्दी चला." शेवटच्या दोन किलोमीटरला काकांचा गुडघा बोलायला लागला. मी एका बाजूला होतो, आणि पुढं पोचलेली सिस्टर परत फिरून दुसऱ्या बाजूला आली. दोघांनीही त्यांना हात लावला नाही. साडेतीन तासांना चार मिनिटं कमी असताना काका पोचले. मेडल हातात धरून ते खाली फरशीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडलो, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

थोड्या वेळानं व्याही गाडी घेऊन तिथं आले. लेकीनं जेवायला बोलावलं होतं. त्यांनी धोतराच्या सोग्यानं मागचं सीट पुसलं, काकांकडं पाहिलं आणि जरा चाचरत म्हणाले, "आता तरी बसा. सोडतो."

काका बसले.