आबांचं डुलकं

माझं माहेर भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधलं. कावळा, चिमणी आणि फलाटावरचं कबूतर, एवढेच पक्षी मला ठाऊक. ऐंशीनंतर दोनेक वर्षांनी लग्न होऊन फैजपूरजवळच्या केळीवाल्या घरात आले. पहिल्याच सप्टेंबरात सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मला शेतातल्या पाटाजवळ उभं करून एक पक्षी दाखवला. पाठ मातकट, पोट पांढरं आणि चालताना मागची बाजू सारखी वरखाली. पुस्तकात तो तुतवार, आबांसाठी 'डुलकं'. पावसाच्या शेवटी कुठल्याशा थंड मुलखातून ते आमच्या पाटावर यायचं. ते दिसलं की आबा घरी येऊन फक्त "आलं" म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची, लागवड सुरू.

मोठ्या दिरांना हे पटत नसे. "कॅलेंडर काय भिंत झाकायले आनलं?" असं कुरकुरत, पण घरात शब्द आबांचा. चौथ्या वर्षी आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून बांधावर जात. दीर सरळ म्हणाले, "यंदा आबा चुकले, तं पुढं लागवडीचं मी पाहीन."

त्या वर्षी न्याहारी घेऊन शेतात गेले, तर आबा पाटाकडे बोट दाखवून हसत होते. "आलं पाह्य!" काठावर शेपटी हलवत होता तो काळा-पांढरा धोबी पक्षी, बारा महिने इथेच राहणारा. शेंबड्या पोरालाही ओळखू येईल असा! मला आबांचा रागच आला. ऑपरेशन नको म्हणायचा इतका कसला हट्ट म्हणते मी? पण त्यांचा चेहरा एवढा खुलला होता की माझं तोंड उघडेना.

घरी दिरांनी मलाच गाठलं. "तू व्हती ना तठी? खरंच आलं का?"

पदर सारखा करत मी म्हणाले, "हो, मीही पाहिलं."

धडधडीत खोटं. लागवड सुरू झाली. बाग फसली असती तर आबांचा शब्द गेला असता, आणि तो घालवायला माझाही हात लागला असता.

पाचव्या दिवशी आबांबरोबर पाटावरून येत होते. पाण्यालगत बारीक, कापरी शीळ वाजली. आबा जागीच थांबले. कान मात्र त्यांचे तिखट होते.

"हे आता आलं," ते म्हणाले. "मंग त्या दिशी काय व्हतं?"

"धोबी."

"तुले माहीत व्हतं?"

मी होकाराची मान हलवली. आता खरडपट्टी निघणार, असं वाटलं. आबा मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "चार दिवसानं बागेचं काय बिघडते, पोरी!" मग उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "पुढच्या साली तू पाह्य. मी सांगीन."

पुढे तसंच चाललं. पाटावरून आले की मी त्यांच्या कानाशी पुटपुटायची आणि आबा ओसरीवरून मोठ्यानं "आलं" म्हणायचे. धोबी पाहून लावलेली ती बागही छान आली आणि लागवडीचा शब्द आबांचाच राहिला. या गुपिताचा मला भारी आनंद वाटायचा.

आबा गेले त्या साली पाटावरून परतले, तर दीर कॅलेंडरखाली बसले होते. माझी चाहूल लागताच त्यांनी विचारलं, "आलं का?"

"आलं," मी म्हणाले. मोठ्यानं.