लाल पिन पिवळ्या भोकात: वाघोली ते तपकीर गल्ली

शनिवारी आईला घेऊन वाघोलीहून शहरात जायचं ठरवलं. काम होतं जुन्या कॅमकॉर्डरची बॅटरी आणि टीव्हीला जोडायची केबल घेण्याचं. दोन्ही मी आधी ऑनलाइन मागवून फसले होते. बॅटरी दहा मिनिटांत मान टाकायची आणि केबल लावली की टीव्हीवर काळोख, वर नुसती घरघर. कॅमेऱ्याची स्वतःची स्क्रीन कधीच गेलेली. त्यामुळे मी निकाल देऊन टाकला की कॅसेटच खराब झाली, आणि तीही आईने विदर्भातल्या वणीच्या घरात चुलीजवळच्या फळीवर ठेवली म्हणून. कॅसेट होती ती शाळेतून निवृत्त झाली तेव्हाच्या निरोप समारंभाची. त्यानंतर आईने तो विषय काढलाच नव्हता. शनिवारी मात्र निघताना तिने कॅसेट रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

"पाहून घेऊ एकदा. नाही तं नाही," एवढंच म्हणाली.

रामवाडीपर्यंत बस, तिथून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून मंडई. स्वतःची गाडी असेल तर घरीच ठेवा, पार्किंग शोधण्यात सकाळ जाते. मंडईजवळ साबुदाण्याची खिचडी खाल्ली. आईला ती गोड वाटली. पुण्यात साखर कशात नसते, ते तिला अजून सापडलेलं नाही.

तपकीर गल्ली म्हणजे इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार; तिथे तिसऱ्या दुकानात जुन्या कॅमेऱ्यांचं सामान मिळालं. मी मोबाईलवर बॅटरीचा फोटो दाखवला.

"फोटोत बसवायची आहे का?" दुकानदार काका म्हणाले. "कॅमेरा काढा."

काढला. त्यांनी दोन बॅटऱ्या माझ्या हातावर ठेवल्या. "वरचे आकडे वाचू नका, कोणीही छापतं. वजन बघा." एक खरंच खेळण्यासारखी हलकी होती. जड घेतली. लॅपटॉपसाठी यूएसबीची केबल मागितली, तर म्हणाले, "विकेन, पण चालणार नाही. परवा भांडायला याल." ती राहिली.

मग आईने रुमालातली कॅसेट पुढे केली. त्यांनी ती कॅमेऱ्यात घालून माझीच ऑनलाइन मागवलेली केबल दुकानातल्या छोट्या टीव्हीला लावली. काळोख आणि घरघर. त्यांनी पिवळी पिन काढून तिथे लाल खुपसली आणि पडद्यावर शाळेचं पटांगण आलं. मधोमध हार घातलेली आई.

"कंपनीगणिक आतल्या तारांचा क्रम बदलतो," काका म्हणाले. "रंगावर जाऊ नका. कॅसेट खराब आहे असं कोण म्हणालं?"

"मीच," मी म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवी केबल घ्यायचं कारणच उरलं नाही. परतीच्या मेट्रोत मी आईची माफी मागितली. ती खिडकीबाहेर बघत "हो" म्हणाली.

घरी कॅसेट लावली. बॅटरी पूर्ण तास टिकली आणि पैसे सत्कारणी लागले, हे तुमच्यासाठी. माझ्यापाशी उरलं ते वेगळंच. आईने मध्येच कॅमेरा थांबवायला लावला.

"मालतीबाईले मी सांगून बसली, माह्या हातून कॅसेट गेली म्हणून," ती म्हणाली. मालतीबाई तिच्या शाळेतल्या सहकारी. "रडल्या त्या फोनवर. आता तू लाव फोन. कोणाची चूक होती तेही तूच सांग."

मी लावला. कॅसेट चांगली आहे हे सांगितलं, आणि खापर मी उगाच आईवर फोडलं हेही सांगितलं. आईने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग कॅमेरा पुन्हा सुरू करायला सांगितला.