ग्रिंडेवरचा आडोसा

फोन आला तेव्हा मी ऑफिसमध्ये कॉफी मशीनपाशी उभी होते. स्क्रीनवर अनघाचं नाव. ती कधी फोन करत नाही, मेसेज टाकते. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलते ती जर्मनच. त्या दिवशीही जर्मनमध्येच, एखाद्याला पत्ता सांगावा तशा सरळ आवाजात तिनं सांगितलं, की आई गेली, झोपेतच. शेजारच्या फ्राउ केलरना ते रोलाडनवरून कळलं. अनघाच्या आईच्या, म्हणजे सुलभाकाकूंच्या, खिडकीवरचं ते गुंडाळायचं शटर रोज उजाडताच वर जायचं. त्या दिवशी दुपार झाली तरी ते खालीच होतं. "हं... इतकंच," अनघा म्हणाली. ती हॅनोव्हरच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत होती. मागे घोषणा चालल्या होत्या.

काकूंचं माझं नातं काही नव्हतं. मी जर्मनीत बॉबलिंगेनला नोकरीला आले, तेव्हा मराठी मंडळींच्या दिवाळीत त्यांची ओळख झाली. त्यांचे यजमान विनायककाका गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होते. तरुणपणी "दोन वर्षांसाठी" म्हणून आले आणि ती दोन वर्षं काही संपली नाहीत. दोन वर्षांसाठीच यायचं म्हणून काकूंनी घरात मोठं कपाट घेतलं नव्हतं. ते पुढंही कधी घेतलं नाही. अनघा इथंच जन्मली, इथंच शिकली, नोकरीसाठी उत्तरेला गेली. काका निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत हृदयविकारानं गेले. तेव्हा पुण्याहून सगळ्यांचे फोन आले, आता परत या म्हणून. भावानं कोथरूडच्या फ्लॅटमधली एक खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली. काकू गेल्या नाहीत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "अगं मेधा, तिथं ओळखीचं आता कोण राहिलंय? इथं निदान एकटं असण्याची सवय झालीय."

त्याच वर्षी ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाबरोबर त्या श्वार्त्सवाल्डच्या जंगलातल्या डोंगरमाथ्यावर सहलीला गेल्या. तो माथा म्हणजे दाट झाडीच्या वर अचानक उघडा पडलेला ओला माळ. पायाखाली पाण्यानं फुगलेलं शेवाळ, कमरेइतकी खुरटी पाइनची झुडपं, हेदरची तपकिरी झुडपं, आणि सतत वारा. तिथले लोक त्याला ग्रिंडे म्हणतात, म्हणजे टक्कल पडलेलं डोकं. शेकडो वर्षं खालच्या दरीतले लोक उन्हाळ्यात गुरं घेऊन वर यायचे, गुरांनी झाडं वाढूच दिली नाहीत, म्हणून ते टक्कल. पहिला बर्फ पडायच्या आत माणसं आणि गुरं खाली उतरायची. त्या गुराख्यांच्या झोपड्यांच्या खुणा शोधणारी उलरिके नावाची एक संशोधक सहलीतल्या लोकांना माहिती सांगत होती. तिनं एका उंचवट्याकडे बोट दाखवलं. तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं. गवतात बुडालेले चार दगड, बस्स. बाकीचे पुढं गेले, काकू तिथंच उभ्या राहिल्या. उलरिकेला वाटलं त्यांना दम लागलाय. ती परत आली, तर काकूंनी आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, "स्वयंपाक कुठं करायचे?" उलरिके हसली. म्हणाली, "गेनाऊ! अगदी तेच तर शोधतोय."

खोदकामाला हौशी मदतनीस हवे असायचे. काकूंनी नाव दिलं. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मला फोन आला, "तुझी गाडी रविवारी मोकळी असते का गं?" असा मग आमचा उन्हाळ्यातला रविवार सुरू झाला. मी त्यांना वर सोडायची, गाडीत किंवा झुडपाआड बसून पुस्तक वाचायची. त्या सलवार-कमीजवर रेनकोट चढवून, गुडघ्याखाली उशी घेऊन माती खरवडत बसायच्या. हातातल्या त्या लहानशा थापीला त्या खुरपंच म्हणायच्या, आणि पुढं पुढं उलरिकेही "खुर्पं, बिट्टे" म्हणून हात पुढं करायला लागली. एरवी फारसं कुणाशी न बोलणाऱ्या काकू तिथंही बोलायच्या नाहीत, पण ते न बोलणं वेगळं होतं. आठदहा माणसं शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसून मुकाट माती काढताहेत... काकू म्हणायच्या, "इथं कुणी विचारत नाही, तुम्ही एकट्या कशा राहता म्हणून."

पहिला उन्हाळा फुकट गेला. इतकं खणलं आणि खाली निघाली गंजकी तार आणि पत्र्याचे डबे. झोपडी नव्हतीच ती, युद्धातल्या सैनिकांनी खणलेला खड्डा होता. उलरिके पावसात डोक्यावर टोपी ओढून बसून राहिली. काकूंनी तिच्यापुढं थर्मासचा चहा धरला आणि मराठीत म्हणाल्या, "असू दे. इथं पण कुणीतरी राहिलेलंच होतं." उलरिकेला शब्द कळले नाहीत, तिनं चहा घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात थोडं खाली, उताराच्या कुशीत खणायला घेतलं. या वेळी दगडांची ओळ लागली, मग तिचा कोपरा, आणि कोपऱ्याच्या आत भाजून काळवंडलेले दगड आणि कोळसा. तो काकूंच्या वाट्याच्या चौकोनात निघाला. मी धावत गेले तेव्हा त्या हात मागं घेऊन नुसत्या बघत होत्या. "चूल आहे," म्हणाल्या. मग, "हंगामापुरते तर यायचे. तरी बघ, किती नीट मांडलीय." प्रयोगशाळेतून पुढं कळलं, की शेजारच्या मातीत शेणाचा अंश होता. म्हणजे माणसं आणि गुरं शेजारी शेजारी झोपत असणार. त्यापेक्षा जास्त काही सापडलं नाही. एका मडक्याचं खापर तेवढं मिळालं. त्या आंबट मातीत हाडंसुद्धा टिकत नाहीत. कोण होते, किती जण होते, बाया होत्या का, काही सांगता येत नाही असं उलरिकेनं सांगितलं तेव्हा काकूंचा चेहरा उतरला. आणि शरदात जेव्हा सगळं पुन्हा मातीनं बुजवायचं ठरलं, तेव्हा तर त्या चक्क रागावल्या. उघडं ठेवलं तर पाणी आणि बर्फ सगळं फोडून टाकेल, झाकलं तरच टिकेल, हे उलरिकेनं शांतपणे समजावलं. काकूंनी ऐकून घेतलं, आणि पहिलं फावडं त्यांनीच उचललं.

अनघाला हे सगळं रुचत नव्हतं. आईनं हॅनोव्हरला यावं, जवळ राहावं म्हणून तिनं एक लहान फ्लॅटही बघून ठेवला होता. मी काकूंच्या घरी असतानाच एकदा दोघींचं वाजलं. अनघा जर्मनमध्ये, काकू मराठीत. "मेलेल्या गुराख्यांसाठी तुझ्याकडे वेळ आहे," अनघा म्हणाली. काकू भांडी विसळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्याकडे आले तर दिवसभर तुझीच वाट बघत बसेन. ते तुलाही जड होईल आणि मलाही."

गेल्या उन्हाळ्यात मात्र अनघा एकदा आमच्याबरोबर वर आली. बुजवलेल्या जागेवर आता गवत आलं होतं, दाखवण्यासारखं काही नव्हतं. काकू तरी दाखवत राहिल्या, इथं भिंत, इथं दार. तेवढ्यात धुकं आलं. तिथलं धुकं असं येतं की दहा पावलांवरची लाकडी फळ्यांची वाट दिसेनाशी होते. वारा अंग कापत होता. काकूंनी आम्हा दोघींना हाताला धरून बुजवलेल्या भिंतीवरच्या गवताच्या उंचवट्यामागं नेलं. "इथं बसा. इथं वारा लागत नाही." आम्ही बसलो, आणि खरंच वारा थांबला. डोक्यावरून जात होता, पण आम्हाला शिवत नव्हता. तिघी खांद्याला खांदा लावून धुकं सरायची वाट बघत बसलो. अनघानं हात लावून मागचं गवत चाचपलं, वर पाहिलं, आणि हळूच विचारलं, "आई, तुला थंडी वाजते?" मराठीत. उच्चार अवघडलेला, पण मराठीत. काकू म्हणाल्या, "नाही गं." त्यांचे ओठ निळे पडले होते. अनघानं आपली शाल काढून त्यांच्याभोवती गुंडाळली.

यानंतर सगळं बदललं असं सांगायला मला आवडलं असतं. बदललं नाही. अनघा संध्याकाळच्या गाडीनं गेली, काकू बॉबलिंगेनलाच राहिल्या. फोन थोडे वाढले, एवढंच. माझ्या प्रोजेक्टची धावपळ सुरू झाली, हिवाळा आला, वरचा रस्ता बर्फानं बंद झाला. शेवटचं भेटलो तेव्हा उन्हाळा कधी सुरू होतो म्हणून त्या कॅलेंडर बघत होत्या.

मागच्या आठवड्यात अनघा घर रिकामं करायला आली होती. सामान फार नव्हतंच. भाड्याचं घर परत देताना भिंती पांढऱ्या करून द्याव्या लागतात, म्हणून आम्ही दोघींनी रोलर घेतले. खोल्या पटकन झाल्या. स्वयंपाकघरात शेगडीमागच्या भिंतीवर इतक्या वर्षांच्या फोडण्यांचा हळदीचा पिवळा पट्टा होता. एक हात दिला, पट्टा वर आला. वाळू दिला, दुसरा हात दिला, तरी पिवळं पुन्हा वर येतच होतं. इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर म्हणाला होता की भिंत पांढरीशुभ्र हवी.

अनघा रोलर हातात धरून भिंतीकडे बघत उभी होती. रंगाचे थेंब खाली पसरलेल्या पेपरवर पडत होते. "तिसरा हात द्यावा लागेल," मी म्हटलं.

"उद्या," ती म्हणाली. चाव्या दुसऱ्या दिवशी दुपारीच द्यायच्या होत्या. तिनं रोलर बादलीत ठेवला, पेपरवरच बसली, त्या ओल्या भिंतीकडे तोंड करून. मीही बसले. खिडकीचं रोलाडन वर करायचं आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दिव्याच्या उजेडात पांढऱ्या रंगाखालून तो पिवळा पट्टा हळूहळू वर येत होता.