जहूरचा उंबरा

माझी बहीण फरिदा हिचा नवरा जहूर मस्कतच्या माबेला भागात टाइल्सच्या दुकानात सेल्समन आहे. पण त्याला विचाराल तर तो जन्मजात सुतार. का, तर आजोबा दाभोळला होड्या बांधायचे. शिवाय ओमानच्याच सूर बंदराच्या किनाऱ्यावर मोठी लाकडी जहाजं बांधताना त्याने एकदा गाडीतून उतरून पाहिलंय. एवढ्या भांडवलावर हा माणूस अख्ख्या मस्कतला अक्कल शिकवतो.

२०१४ साली त्याची आई, सकिनाखाला, कोकणातून राहायला येणार होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचा उजवा पाय उचलला जात नसे, वॉकर धरून फरफटत चालायची. अर्बाबची, म्हणजे अरब घरमालकाची, परवानगी काढून हॉलच्या टोकाला भिंत घातली आणि तिच्यासाठी खोली केली. राहिलं दार. इकडे घरातल्या दारांना तीन बाजूंच्या तयार चौकटी मिळतात, खाली काही नसतं. जहूरने नाक मुरडलं.

"उंबऱ्याशिवाय चौकट? अम्मी काय म्हणेल, पोराला सागाची एक पट्टी परवडली नाय?"

मग सागाची चौकट झाली, खाली चार बोटं उंच उंबरा. शुक्रवारी ती बसवायला मला धरून नेलं. मी ओळंबा आणला होता, तो त्याने बाजूला ठेवला. "इरफानभाई, आपली नजर हाय ना!" नजरेने बसवलेल्या चौकटीत दार टांगलं, तर ते आपोआप उघडायचं. बिजागऱ्या काढल्या, पाचरी ठोकल्या, पुन्हा टांगलं. मी दार पेलून उभा आणि हा सूरच्या गोष्टी सांगतोय. शेवटी ओळंबा लावलाच, आणि खरं सांगायचं तर दार सुरेख बसलं. गावच्या ग्रुपवर फोटो गेले.

खाला आली. वॉकर उंबऱ्याला अडला. तिने सागावर हात फिरवला, "झकास केलंस रे," म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. जहूरने तिला उचलून आत नेलं, त्याचाही फोटो काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी कामावर निघून गेला. बाथरूम खोलीच्या बाहेर. दिवसभर उचलायला फरिदा.

पुढच्या शुक्रवारी मी गेलो तर खालाचे ओठ फुटलेले. फरिदाने ठेवलेला पाण्याचा ग्लास ती खिडकीतल्या कुंडीत ओतत होती.

"खाला, हे काय?"

"हळू बोल रे. पाणी प्यायलं की जावं लागतं. त्या पोरीची कंबर मोडली उचलून उचलून."

माझं डोकंच सणकलं. हॉलमध्ये जाऊन जहूरला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा क्षणभर पडला, नाही असं नाही. पण लगेच सुतार जागा झाला. "उंबरा काढला तर चौकट ढिली पडेल, यार. अम्मीनेच जरा पाय उचलायची सवय करावी. एक्सरसाइज होईल." आईच्या ओठांपेक्षा ज्याला चौकटीची काळजी, त्याला काय म्हणावं? मी म्हटलंही, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फरिदा तडक उठली. बाल्कनीतून करवत आणि ड्रिल घेऊन आली. "भाई, आधी दोन्ही बाजू भिंतीला स्क्रूने पक्क्या कर." मी केल्या. मग ती खाली बसली आणि कापायला लागली.

"अगं, साग हाय तो!" जहूर ओरडला.

"मग तू उचल तुझ्या अम्मीला. दुकान सोडून घरी बस." फरिदाने मान वर केली नाही. उंबरा निघाला, चौकट जागची हलली नाही.

आता पाहुणे आले की जहूर त्यांना दार दाखवायला नेतो. "मुद्दाम बिनउंबऱ्याचं केलंय. अम्मीच्या पायाचा विचार नको करायला?" लाज म्हणून नाही. मी दात-ओठ खात ऐकतो. तेवढ्यात आतून खालाची खणखणीत हाक येते.

"फरिदा, पाणी दे गो. मोठा ग्लास आण."