दोन राखी पिल्लं

पाच काळी, दोन राखी. आई काळी, बाप काळा. सुभेदारांनी टोपलीत वाकून पाहिलं आणि सरळ उभे राहिले.

"ही आमच्या कुत्र्याची न्हाईत."

मी जत तालुक्यात जनावरांचा डॉक्टर आहे. टोपली सुबाक्कांची. त्यांची मेंढरं आहेत आणि राखणीला कारवानी कुत्री. कारवानी म्हणजे उंच, सडपातळ, शिकारीसाठी जोपासलेली जात. शिकारीला आता बंदी आहे; प्रदर्शनं मात्र जोरात भरतात. नर पलूसच्या निवृत्त सुभेदारांचा.

इकडे नराच्या मालकाला फी देत नाहीत. पहिलं पिल्लू तो निवडतो. त्यानं पिल्लू नाकारलं, की कुत्री गावठी कुत्र्याकडून फळली असं लोक धरतात. मग पिल्लं कोणी नेत नाही आणि त्या कुत्रीला पुन्हा कोणी नर देत नाही.

"माजावर व्हती तवा खोलीत कोंडलेली," सुबाक्का म्हणाल्या. "कडी मी माझ्या हातानं लावली, डाक्टर."

मी समजावलं. रंगाचा प्रत्येक जीन जोडीनं मिळतो. एक आईकडून, एक बापाकडून. काळा रंग फिकट करणारा जीन एकटा असला तर दिसत नाही. दोन्हीकडून आला, तरच पिल्लू राखी होतं. नाकही राखी होतं. प्रदर्शनाच्या नियमावलीत नाक काळं लागतं, म्हणून असं पिल्लू बाद. बाद म्हणजे संकर नव्हे.

"म्हंजे माझ्या कुत्र्यात खोट हाय?"

"दोघांतही जीन असू शकतो. डीएनए टेस्ट करू."

"टेस्ट कशाला? दरसाल पैला नंबर घेतोय त्यो. जजला डोळं न्हाईत व्हय?"

"जजला केसांचा रंग दिसतो, सुभेदार. जीन नाही."

त्यांच्या पत्नी टोपलीपाशी बसल्या होत्या. राखी पिल्लू मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "आवं, मागल्या वेताला उंदराच्या रंगाचं झालं, ते कुणाचं? त्याची आई तर आपल्याच दारात बांधलेली. गुपचूप शिराळ्याला पोरीकडं धाडलं न्हवं? आन् त्याच्या आदलं?"



यावरून या पिल्लांचा बाप सिद्ध होत नव्हता. नाकारण्याचं कारण तेवढं संपलं. सुभेदारांनी टेस्टला होकार दिला. मी आईबापांचे आणि पिल्लांचे लाळेचे नमुने पाठवले. रिपोर्ट आला. सातही पिल्लं त्यांच्याच नराची.

ते पिल्लू न्यायला आले, तेव्हा सुबाक्कांनी टोपली पुढं सरकवली.

"घ्या सुभेदार, पैलं तुमचं. राखी न्या की. शिराळ्याच्याला जोडी हुईल."

त्यांनी काळं उचललं. मी सांगितलं, अशा तीन काळ्यांमागे साधारण दोघांत तोच जीन लपलेला असतो.

"मग वळखायचा कसा?"

"टेस्ट करून."

"बघू," म्हणाले आणि गाडीत बसले.

राखी पिल्लं सुबाक्कांनी ठेवून घेतली. पुढच्या खेपेला त्यांच्या कुत्रीला नर मिळाला, त्याचीही आधी टेस्ट केली. तेव्हापासून माझ्याकडे कोणी नर घेऊन आलं, की आधीच्या पिल्लांचे रंग मी विचारतो. मालकाला एकदा, आणि घरातल्या बाईला वेगळं.